आधी रोकड, मग रेशो: लिस्टेड कंपनीचे आकडे कुठल्या क्रमाने वाचायचे

सोलापुरात टॉवेल-चादरीच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा, पार्टीने माल उचलला, बिल फाडलं, म्हणजे पैसे आले असं तो कधीच धरत नाही. वसुली होऊन बँकेत जमा दिसेपर्यंत त्याच्या डोक्यात ती उधारीच असते. पण हाच माणूस रात्री मोबाईलवर शेअर बघायला बसला की पीई (शेअरचा भाव भागिले एका शेअरमागचा नफा) बघतो, आरओई (मालकांच्या पैशावर मिळालेला नफा) बघतो, डेट-इक्विटी (मालकांच्या पैशामागे कर्ज किती) एकच्या खाली आहे ना एवढं बघतो आणि ऑर्डर टाकून मोकळा होतो. कंपनीने दाखवलेला नफा वसूल झाला का, हे विचारायचं राहूनच जातं.

हे रेशो नफ्यावर उभे असतात, आणि माल गेला, बिल झालं की हिशोबात विक्री धरली जाते, नफाही धरला जातो, पैसे तीन महिन्यांनी येवोत नाहीतर तीन वर्षांनी. त्यामुळे वसुली ढिली असलेल्या कंपनीचेही रेशो काही वर्षं छान दिसतात, आणि नेमकं तेव्हाच आपली लोकं घुसतात. म्हणून क्रम उलटा करायचा, कॅश फ्लो (प्रत्यक्ष आलेली-गेलेली रोकड) पहिला, रेशो नंतर, शेअरचा भाव सगळ्यात शेवटी. खाली तो क्रम लिहिलाय, मधल्या पायऱ्या गाळू नका.

## तयारी

पाच वर्षांचे ॲन्युअल रिपोर्ट डाउनलोड करा. बीएसई, एनएसईच्या साईटवर किंवा कंपनीच्या स्वतःच्या साईटवर इन्व्हेस्टर सेक्शनमध्ये फुकट मिळतात. स्क्रीनरसारख्या साईटवर आकडे तयार मिळतात ते पहिल्या नजरेला ठीक आहेत, पण नोट्स, म्हणजे आकड्यांमागची टिपणं, तिथे वाचायला मिळत नाहीत आणि अर्धी गोष्ट नोट्समध्येच असते.

आकडे कन्सॉलिडेटेड, म्हणजे सबसिडियरी (हाताखालच्या कंपन्या) धरून एकत्र केलेले घ्या, स्टँडअलोन म्हणजे नुसते मूळ कंपनीचे नकोत. इथेच पहिली चूक होते, एका वर्षाचा आकडा स्टँडअलोन आणि दुसऱ्याचा कन्सॉलिडेटेड असा घोळ होतो. सोलापूरचीच उदाहरणं घ्या, बालाजी अमाइन्सची स्पेशालिटी केमिकल्सची सबसिडियरी वेगळी आहे, प्रिसिजन कॅमशाफ्ट्सने जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या कंपन्या विकत घेतल्या होत्या, अशा ठिकाणी नुसतं स्टँडअलोन बघून चित्र पूर्ण होत नाही. सरावाला या दोन कंपन्यांचे रिपोर्ट चांगले आहेत, कारण धंदा काय आहे हे आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत असतं. मी शेअर घ्या किंवा विका असं काही सांगत नाहीये, सराव करा म्हणतोय.

एक्सेलमध्ये पाच वर्षांचे पाच कॉलम करा आणि ओळी अशा लिहा: विक्री, करानंतरचा नफा म्हणजे पॅट, ऑपरेटिंग कॅश फ्लो म्हणजे सीएफओ, मशिनरी-इमारतीवरचा खर्च म्हणजे कॅपेक्स, भरलेलं व्याज, दिलेला डिव्हिडंड, येणी (गिऱ्हाइकांकडून यायचे पैसे), साठा, देणी (सप्लायरला द्यायचे पैसे), एकूण कर्ज, रोकड, नेटवर्थ (मालकांचा पैसा). एवढ्या बारा ओळी पुरतात.

आधी हे तपासा: कंपनी बँक, एनबीएफसी (कर्ज देणारी बिगर-बँक कंपनी) किंवा इन्शुरन्सची असेल तर हा लेख तिथे लावू नका. बँक-एनबीएफसीचा तर कर्ज देणं हाच धंदा, त्यामुळे कर्जवाटप वाढलं की सीएफओ आपोआप मायनस जातो, त्यात दोष काही नसतो.

साखर कंपनी असेल तर अजून एक सावधगिरी. आपल्या जिल्ह्यात कारखाने इतके आहेत की हे वेगळं सांगायची गरज नाही, पण शेअर बघताना विसरलं जातं. गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतं, उसाचे एफआरपीचे, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या किमान दराचे, पैसे नियमाने १४ दिवसांत द्यायचे असतात, आणि साखर मात्र केंद्राच्या महिन्याच्या कोट्याप्रमाणे वर्षभर हळूहळू विकली जाते. म्हणजे ३१ मार्चला गोदाम भरलेलं आणि कर्ज चढलेलं दिसणारच. अशा कंपनीचं मार्चचं कर्ज आणि सप्टेंबरचं कर्ज दोन्ही बघा.

## पायरी १: कॅश फ्लोचे तीन भाग वेगळे करा

स्टेटमेंटमध्ये तीन भाग असतात. ऑपरेटिंग म्हणजे धंद्यातून आलेली रोकड, इन्व्हेस्टिंग म्हणजे मशिनरी, जमीन, एफडी, म्युच्युअल फंड यांत गेलेली किंवा तिथून आलेली, आणि फायनान्सिंग म्हणजे कर्ज, व्याज, डिव्हिडंड, नवीन शेअर.

इन्व्हेस्टिंगचा आकडा मायनस दिसला की बरेच जण घाबरतात, आणि उलट काही जण तो अख्खा आकडा कॅपेक्स म्हणून धरतात. दोन्ही चूक. कंपनीने २०० कोटी म्युच्युअल फंडात ठेवले तरी इन्व्हेस्टिंग मायनस येतं, तो खर्च नाही, पैसे फक्त जागा बदललेले आहेत. आतली ओळ वाचायची, 'प्रॉपर्टी, प्लांट अँड इक्विपमेंटची खरेदी' अशी, तेवढंच कॅपेक्स. याच भागात ग्रुपमधल्या दुसऱ्या कंपनीला दिलेलं कर्ज दिसलं तर तिथे खूण करून ठेवा, ते परत येतंय का हे पुढच्या वर्षांत बघायचंय.

तपासा: स्टेटमेंटच्या शेवटची रोकड बॅलन्स शीटमधल्या रोकडीशी जुळते का? बँक ओव्हरड्राफ्टमुळे थोडा फरक पडू शकतो, पण मग त्याची नोट असते. नोट नसेल तर पुढे जाऊ नका.

## पायरी २: पाच वर्षांची बेरीज, एका वर्षाचा निकाल नको

समजा एक टॉवेल एक्स्पोर्ट करणारी लिस्टेड कंपनी आहे, आकडे मी समजावण्यासाठी धरलेले आहेत, सगळे कोटीत.

| वर्ष | विक्री | पॅट | सीएफओ | वर्षअखेरची येणी |
|---|---|---|---|---|
| १ | ४०० | २४ | २० | ६६ |
| २ | ४६० | २९ | १४ | ८८ |
| ३ | ५४० | ३६ | १२ | १२२ |
| ४ | ६३० | ४४ | ६ | १६० |
| ५ | ७२० | ५२ | ८ | २०५ |

विक्री दरवर्षी वाढतेय, नफा दुपटीच्या वर गेला. पाच वर्षांचा पॅट १८५, सीएफओ ६०. म्हणजे शंभर रुपये नफ्यामागे ३२ रुपये हातात आले.

एकाच वर्षाचा सीएफओ बघून निकाल लावू नका. कापसाचा भाव पडला म्हणून कंपनीने हंगामात जास्त खरेदी करून ठेवली तर त्या वर्षी सीएफओ आपटतो आणि पुढच्या वर्षी माल विकला गेला की भरून येतो. बेरीज घेतली की असे चढउतार बरेचसे एकमेकांत जिरतात. वरच्या कंपनीत तसं काही झालेलं नाही, तिथे सीएफओ चौथ्या वर्षापर्यंत उतरतच गेला आणि पाचव्या वर्षीही भरून आलेला नाही.

आता एक मुद्दा ज्यावर मला जरा ठासून बोलायचंय. सीएफओ पॅटच्या ८० टक्के असला तरी चालतं असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. मला हे माप फार सैल वाटतं, कारण पॅट हा घसारा (मशिनरीची झीज, ज्यात रोकड जात नाही) आणि व्याज वजा करून उरलेला असतो, आणि सीएफओमध्ये घसारा परत मिळवलेला असतो, शिवाय आपल्या इंड-एएस या हिशोबाच्या नियमांप्रमाणे भरलेलं व्याज खाली फायनान्सिंगमध्ये दाखवतात, त्यामुळे तेही सीएफओतून गेलेलं नसतं. मग सीएफओ पॅटपेक्षा जास्तच यायला हवा ना. स्थिर चाललेल्या मॅन्युफॅक्चरिंग कंपनीत पाच वर्षांची बेरीज १०० टक्क्यांच्या वर नसेल तर मी पैसे कुठे अडकलेत ते शोधायला लागतो, ८० ला समाधान मानत नाही. जोरात वाढणाऱ्या कंपनीला थोडी सूट देता येते, पण ती सूट कशामुळे हे पायरी ३ मध्ये सापडलं पाहिजे.

चूक इथे होते: पॅटमध्ये जमीन विकून आलेला नफा, एफडीचं व्याज असं बरंच काही असतं, ते सीएफओत येत नाही. तुलना करण्याआधी ते पॅटमधून काढा. आणि कन्सॉलिडेटेड घेताना मायनॉरिटीचा (सबसिडियरीतल्या बाहेरच्या भागीदारांचा) हिस्सा वजा करण्याच्या आधीचा पॅट घ्या, कारण सीएफओमध्ये सबसिडियरीची रोकड पूर्ण धरलेली असते.

## पायरी ३: पैसे अडकले कुठे

तीन जागा असतात: येणी, साठा, देणी.

येणीचे दिवस काढायला येणी भागिले विक्री गुणिले ३६५. आपल्या कंपनीत पहिल्या वर्षी ६०, मग ७०, ८२, ९३ आणि पाचव्या वर्षी १०४. विक्री वाढवण्यासाठी कंपनी उधारी वाढवत चाललीय हे या एका ओळीत दिसतं. साठ्याचे दिवस काढताना विक्री न घेता मालाची कॉस्ट घ्या, कारण साठा कॉस्टला लिहिलेला असतो.

मग येणीची नोट उघडा. २०२१-२२ पासून कंपन्यांना येणी किती जुनी आहे त्याचा तक्ता द्यावा लागतो, सहा महिन्यांच्या आतली, सहा महिने ते वर्षाची, एक ते दोन वर्षं, दोन ते तीन, आणि तीनच्या वरची, शिवाय वादातली येणी वेगळी. हा तक्ता फुकट मिळतोय आणि कुणी वाचत नाही! वर्षाच्या वरची रक्कम दरवर्षी फुगत असेल आणि तिच्यासाठी केलेली तरतूद तिथल्या तिथेच असेल तर आजचा नफा पुढे कधीतरी राइट-ऑफ होऊन, म्हणजे बुडीत म्हणून खोडला जाऊन, परत जाणार, हे धरून चाला.

आता उलटी बाजू. सीएफओ एकदम चांगला दिसला तरी येणी खरंच वसूल झाली का ते बघायचं. मार्चच्या शेवटी बिलं बँकेत डिस्काउंट करून, म्हणजे बँकेकडून त्यांचे पैसे आधीच उचलून, येणी कमी दाखवता येते, तेव्हा कंटिंजंट लायबिलिटीच्या (पुढे कदाचित अंगावर येणाऱ्या देण्यांच्या) नोटमध्ये डिस्काउंट केलेल्या बिलांची ओळ आहे का शोधा. दुसरा मार्ग म्हणजे सप्लायरचे पैसे थकवायचे, देणी वाढली की सीएफओ वाढतो. आपल्याकडच्या कारखानदारांना हे दुसऱ्या टोकाने चांगलं माहीत आहे, ज्यांचे पैसे मोठ्या पार्टीकडे अडकतात त्यांना. २०२३-२४ पासून इन्कम टॅक्सचा तो नियम आला, सगळे ४३बी एच म्हणतात तो, की मायक्रो आणि स्मॉल उद्योगांचे पैसे ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच वजा मिळतो. त्यामुळे छोट्यांना थकवून सीएफओ सजवणं आता कंपनीला महाग पडतं. देणीच्या नोटमध्ये मायक्रो-स्मॉलची थकबाकी वेगळी दिलेली असते, ती जरूर बघा.

तपासा: तुमच्या हातात आता एका वाक्यात उत्तर आलं पाहिजे, नफ्यातले न आलेले पैसे येणीत आहेत, साठ्यात आहेत की दोन्हीकडे. उत्तर येत नसेल तर रेशोकडे जाऊ नका.

## पायरी ४: कॅपेक्स वजा करा

पाच वर्षांच्या सीएफओतून पाच वर्षांचा कॅपेक्स वजा केला की फ्री कॅश फ्लो. आपल्या कंपनीने ११० कोटी मशिनरीत घातले असं धरा, ६० वजा ११०, म्हणजे मायनस ५०.

मायनस आला म्हणजे कंपनी वाईट असं नाही, नवीन प्लांट उभा करताना असंच होतं. बघायचं एवढंच की प्लांट चालू झाल्यावर विक्री आणि सीएफओ दोन्ही वाढले का. कॅपिटल वर्क-इन-प्रोग्रेस (अजून पुरं न झालेलं बांधकाम-मशिनरी) वर्षानुवर्षं तेवढंच पडून असेल तर त्याचाही जुनेपणाचा तक्ता नोट्समध्ये असतो.

## पायरी ५: खड्डा कशाने भरला

फ्री कॅश फ्लो मायनस ५०. त्यावर पाच वर्षांचं व्याज ५५ आणि डिव्हिडंड १०. एकूण ११५ कोटी कुठून तरी आले असणार. कर्ज ९० वरून १७० झालं, म्हणजे ८० तिथून, आणि रोकड ५० वरून १५ वर आली, म्हणजे ३५ तिथून. जुळलं.

ही बेरीज-वजाबाकी स्वतःच्या हाताने करा. ती जुळली की कंपनी कशावर चाललीय ते समजतं: इथे व्याज भरायलाही कर्ज काढलं जातंय आणि वर डिव्हिडंड वाटला जातोय. डिव्हिडंड दिला म्हणजे कंपनीकडे पैसा आहे, हा समज इथे गळून पडतो.

सावध: १ एप्रिल २०१९ पासून लीजचा (भाडेकराराचा) हिशोब बदलला. दुकानं, गोदामं भाड्याने घेणाऱ्या कंपन्यांचं भाडं बरंचसं सीएफओतून निघून फायनान्सिंगमध्ये गेलं. रिटेल, हॉटेल, हॉस्पिटल अशा कंपन्यांत लीजचे हप्ते सीएफओतून तुम्ही स्वतः वजा करा, नाहीतर २०१९ च्या आधीचे आणि नंतरचे आकडे जुळणारच नाहीत.

## पायरी ६: आता रेशो, आणि प्रत्येकाशेजारी रोकडीचा जोडीदार

आपल्या कंपनीचं नेटवर्थ सुरुवातीला १३५ होतं. १८५ नफा आला, १० डिव्हिडंड गेला, पाच वर्षांनी ३१० झालं.

डेट-इक्विटी बघा. सुरुवातीला ९० भागिले १३५, म्हणजे ०.६७. शेवटी १७० भागिले ३१०, म्हणजे ०.५५. कर्ज जवळजवळ दुप्पट झालं आणि रेशो सुधारला! हे लक्ष देऊन वाचा, कारण सगळ्यात जास्त फसगत इथे होते. वसूल न झालेला नफा नेटवर्थमध्ये जाऊन बसला, भाजक फुगला, म्हणून रेशो खाली आला. ॲपवर हे हिरव्या रंगात दिसेल. शेजारी सीएफओ भागिले कर्ज ठेवा: पाचव्या वर्षी ८ भागिले १७०, पाच टक्केसुद्धा नाही.

इंटरेस्ट कव्हरेजचंही (नफा व्याजाच्या किती पट) तेच. पाचव्या वर्षीचा व्याज आणि करापूर्वीचा नफा ८४ आणि व्याज १५ धरलं तर कव्हरेज ५.६ पट, कुणीही निश्चिंत होईल. पण त्या वर्षी धंद्यातून आलेली रोकड ८ आहे आणि व्याज १५ भरायचंय.

आरओई सरासरी नेटवर्थवर काढा, वर्षअखेरच्या नको. चौथ्या वर्षाअखेर २६१ धरलं तर सरासरी २८५.५, त्यावर ५२ म्हणजे १८ टक्के. मग तो तीन तुकड्यांत फोडा, नफ्याचं मार्जिन, मालमत्तेमागे विक्री, आणि नेटवर्थमागे मालमत्ता. पहिले दोन तिथेच असतील आणि तिसरा वाढत असेल तर आरओई देण्यांच्या जोरावर वाढलाय.

२०२१-२२ पासून कंपनीला स्वतःच ११ रेशो नोट्समध्ये द्यावे लागतात आणि एखादा २५ टक्क्यांहून जास्त हलला तर कारण लिहावं लागतं, बहुतेक वेळा हे स्टँडअलोनच्या नोट्समध्ये सापडतं. ती कारणं वाचा. 'धंदा वाढल्यामुळे' असं एका ओळीत उरकलेलं असेल तर ते कारण धरू नका.

तपासा, रोकड खरी आहे का: कॅश फ्लोसुद्धा खोटा असू शकतो. ७ जानेवारी २००९ ला सत्यम या आयटी कंपनीच्या चेअरमनने स्वतः पत्र लिहून कबूल केलं की पुस्तकातली ५,०४० कोटींची रोकड आणि बँक शिल्लक अस्तित्वातच नाही. म्हणून मिळालेलं व्याज भागिले सरासरी रोकड-एफडी करून बघा. करंट अकाउंटला व्याज नसतं हे धरूनही दर एफडीच्या दराच्या फारच खाली येत असेल, आणि कंपनी भरपूर रोकड असताना महागडं कर्जही घेत असेल, तर तिथेच थांबा.

## पायरी ७: भाव शेवटी

आता पीई बघा आणि त्याच्या शेजारी मार्केट कॅप (सगळ्या शेअरची मिळून किंमत) भागिले पाच वर्षांचा सरासरी फ्री कॅश फ्लो ठेवा. पीई १५ आणि हा आकडा ६० असेल तर शेअर स्वस्त नाही, स्वस्त दिसतोय. फ्री कॅश फ्लो मायनस असेल तर हा आकडा काढूच नका, त्याला अर्थ नसतो.

चांगला कॅश फ्लो म्हणजे शेअर लगेच वाढणार, असंही धरू नका. भाव ठरवणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत आणि रोकड नसलेली कंपनी दोन-तीन वर्षं वर जात राहू शकते, त्या काळात शेजारचा माणूस कमावत असतो आणि आपल्याला आपलं गणित चुकलं असं वाटायला लागतं. एवढं मात्र पक्कं की रोकडीचा आधार नसलेला नफा पुढच्या वर्षांत टिकायची शक्यता कमी असते, आणि बाजार पडला, बँकांनी हात आखडता घेतला, की आधी अशाच कंपन्या अडकतात.

## पायरी ८: वर्षातून दोनदा वही उघडा

कॅश फ्लो दर तिमाहीला येत नाही. मार्चला वर्ष संपणाऱ्या कंपन्यांचा सहामाही कॅश फ्लो सप्टेंबरच्या निकालासोबत येतो, १४ नोव्हेंबरपर्यंत, आणि वर्षाचा ३० मेपर्यंत. जून आणि डिसेंबरच्या निकालात फक्त नफा-तोटा असतो, तो वाचून घाईने काही करू नका.

सप्टेंबरचा आकडा मागच्या सप्टेंबरशी लावा, मार्चशी लावलात तर हंगामाचा फरक तुम्हाला धंद्याचा फरक वाटेल. येणीचे दिवस लागोपाठ दोन सहामाही वाढले तर कॉन्फरन्स कॉलचं ट्रान्सक्रिप्ट काढा, बऱ्याच कंपन्यांचं एक्स्चेंजच्या साईटवर असतं, आणि त्यात वसुलीबद्दल कुणी प्रश्न विचारला का, मॅनेजमेंटने रक्कम आणि महिना सांगून उत्तर दिलं का, ते शोधा. जे सांगितलं ते वहीत तारखेसकट लिहून ठेवा आणि पुढच्या सहामाहीला येणीच्या आकड्याशी लावून बघा.